मेट्रोचे कर्ज, झाडांचा हिशेब आणि आपले 120 दिवस

कोरमंगलाच्या दक्षिण टोकाला सेंट्रल सिल्क बोर्डाचा चौक आहे. होसूर रोड आणि आउटर रिंग रोड इथे मिळतात. बेंगळुरूतल्या वाहतूक कोंडीचा विषय निघाला की याच चौकाचे नाव आधी घेतले जाते. 11 ऑगस्ट 2025 पासून इथून यलो लाइनची मेट्रो प्रवाशांसाठी धावू लागली : आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, 19.15 किलोमीटर, 16 स्थानके. ब्ल्यू लाइनही याच चौकातून सुरू होते. ती आउटर रिंग रोडने के. आर. पुरमला जाऊन तिथून हेब्बाळमार्गे केंपेगौडा विमानतळ गाठणार आहे. कोरमंगलाच्या पश्चिमेला डेअरी सर्कलपाशी तिसरा मार्ग आहे, बन्नेरघट्टा रोडवरून नागवारकडे जाणारी पिंक लाइन.

या मार्गांसाठीचा पैसा केवळ दिल्ली आणि विधानसौधातून येत नाही. ब्ल्यू लाइनला आशियाई विकास बँकेने, म्हणजे एडीबीने, डिसेंबर 2020 मध्ये 50 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्या करारावर सह्या झाल्या. जायका या जपानच्या सरकारी विकास संस्थेचेही कर्ज आहे. पिंक लाइनच्या मागे युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे 50 कोटी युरो आणि बीजिंगच्या एआयआयबीचे, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचे, साडेतेहेतीस कोटी डॉलर आहेत.

अशा कर्जाबरोबर एक अट येते. प्रकल्पाने हवा, पाणी, झाडे, आवाज, घरे आणि रोजगार यांवर काय परिणाम होईल, ते आधी तपासायचे, लिहून काढायचे आणि लोकांसमोर ठेवायचे. ही तपासणी कोण करते, कोण वाचते, तिला कोण अडवू शकते आणि तुमच्या-माझ्यासारख्या रहिवाशाला तिच्यात बोलायला कुठे जागा आहे, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली चाळणी : आपला कायदा

भारतात या विषयाचा पाया 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. त्याखाली 27 जानेवारी 1994 रोजी पहिली ईआयए अधिसूचना निघाली आणि 14 सप्टेंबर 2006 रोजी तिच्या जागी आजची अधिसूचना आली. ईआयए म्हणजे पर्यावरणावरील परिणामांचे आधी केलेले मूल्यमापन. खाणी, धरणे, औष्णिक वीज केंद्रे, महामार्ग, बंदरे अशा कामांची एक यादी अधिसूचनेला जोडलेली आहे. त्या यादीतल्या कामाला पर्यावरण मंजुरीशिवाय सुरुवात करता येत नाही. यादीत ‘ए’ वर्गातले प्रकल्प केंद्राच्या मंत्रालयाकडे जातात आणि ‘बी’ वर्गातले राज्याच्या प्राधिकरणाकडे. आधी छाननी होते, मग अभ्यासाची व्याप्ती ठरते, मग जनसुनावणी आणि शेवटी तज्ज्ञ समितीचे परीक्षण. सुनावणी घेण्याची जबाबदारी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची असते आणि तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते.

आता मेट्रोकडे वळू. या यादीत रेल्वे आणि मेट्रोचे मार्ग नाहीत. म्हणजे शहराच्या छातीवरून कित्येक किलोमीटरचा उन्नत मार्ग जाणार असला, तरी त्याच्यासाठी 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागत नाही, आणि म्हणून कायद्याने बंधनकारक अशी जनसुनावणीही होत नाही. उलट 20,000 चौरस मीटरहून मोठ्या इमारतीला मंजुरी लागते, पण इमारतींना जनसुनावणीतून सूट आहे. शहरात राहणाऱ्या बहुतेकांनी जनसुनावणी कधी पाहिलेली नसते, त्याचे एक कारण हे.

याचा अर्थ मेट्रोला कोणीच काही विचारत नाही असा नाही. काँक्रीट बनवणाऱ्या बॅचिंग प्लांटला कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. झाडांसाठी 1976 चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा आहे. सार्वजनिक कामासाठी 50 हून अधिक झाडे तोडायची असली, तर वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर सूचना देऊन हरकती मागवायच्या असतात. बेंगळुरू एन्व्हायर्न्मेंट ट्रस्टने कर्नाटक उच्च न्यायालयात लढवलेल्या जनहित याचिकेमुळे या तरतुदीला धार आली : प्रत्येक झाडाची पाहणी, तज्ज्ञ समितीचे मत आणि कारणे नोंदवलेला आदेश यांची सवय महापालिकेला लावावी लागली. पण या सगळ्या तुकड्यातुकड्यांच्या परवानग्या आहेत. संपूर्ण मार्गाचा एकत्र विचार करणारा, सलग वाचता येणारा ईआयए अहवाल मेट्रोच्या बाबतीत कर्ज देणाऱ्या बँकेला हवा असतो, म्हणून तयार होतो.

दुसरी चाळणी : बँकेचे नियम

परदेशी कर्ज घेणारा कर्जदार भारत सरकार असतो. राज्याचा प्रस्ताव केंद्राच्या अर्थ मंत्रालयातल्या आर्थिक कार्य विभागामार्फत बँकेकडे जातो. अहवाल तयार करण्याची जबाबदारी बीएमआरसीएलची, म्हणजे बेंगळुरू मेट्रो रेल महामंडळाची. हे काम महामंडळाने नेमलेले सल्लागार करतात. बँक स्वतः अहवाल लिहीत नाही, ती तो तपासते आणि अपुरा वाटला तर परत पाठवते. इथली एक कमजोरी लक्षात ठेवायला हवी : प्रकल्प ज्याला हवा आहे, तोच परीक्षेचा पेपर लिहून घेतो. म्हणून बाहेरच्या वाचकाची गरज आहे.

एडीबीचे नियम 2009 च्या संरक्षक धोरणात लिहिले गेले, आणि ब्ल्यू लाइनचे कर्ज त्याच काळातले. 1 जानेवारी 2026 पासून बँकेने त्यांच्या जागी नवी पर्यावरणीय आणि सामाजिक चौकट आणली आहे. जागतिक बँकेने 1989 मध्ये पर्यावरण तपासणीचे पहिले निर्देश काढले. तिची आजची दहा मानकांची चौकट 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे.

एडीबीच्या 2009 च्या धोरणात प्रकल्पाला तीन गोष्टींसाठी वेगवेगळी अक्षरे मिळत : पर्यावरण, सक्तीचे विस्थापन आणि आदिवासी समाज. ‘ए’ म्हणजे परिणाम गंभीर, दूरगामी किंवा परत न फिरवता येणारे. ‘बी’ म्हणजे परिणाम आहेत, पण आटोक्यात ठेवता येतील. ‘सी’ म्हणजे नगण्य. इथे गफलत होऊ देऊ नये. आपल्या अधिसूचनेतले ‘ए’ आणि ‘बी’ फाइल कोणाच्या टेबलावर जाणार ते सांगतात, बँकेचे ‘ए’ आणि ‘बी’ धोका किती मोठा ते सांगतात. एखादा प्रकल्प पर्यावरणासाठी एका वर्गात आणि विस्थापनासाठी दुसऱ्या वर्गात असू शकतो. मेट्रोच्या बाबतीत हे महत्त्वाचे, कारण रस्त्यावरून जाणारा मार्ग जंगल तोडत नसला, तरी दुकाने आणि घरे हलवतोच.

त्या धोरणानुसार प्रकल्प पर्यावरणाच्या ‘ए’ वर्गातला असेल तर अहवालाचा मसुदा संचालक मंडळाच्या बैठकीच्या किमान 120 दिवस आधी सर्वांसाठी खुला करावा लागे. जायकाच्या नियमांतही ‘ए’ वर्गासाठी करारापूर्वी 120 दिवसांची अट आहे.

तिसरी चाळणी : भागधारक सरकारे

हे 120 दिवस नुसत्या बँकांच्या मनातून आलेले नाहीत. त्यामागे अमेरिकेचा एक कायदा आहे आणि त्याच काळात महाराष्ट्रातून गेलेली एक साक्षही आहे.

या बँका सरकारांच्या मालकीच्या आहेत. एडीबीत जपान आणि अमेरिका हे सर्वांत मोठे भागधारक आहेत, जागतिक बँकेत अमेरिका सर्वांत मोठा. कर्ज मंजूर करायचे की नाही, यावर या देशांचे प्रतिनिधी संचालक मंडळात मत देतात. 1989 मध्ये अमेरिकी संसदेने नॅन्सी पेलोसी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर केली. तिने असे बंधन घातले : प्रकल्पाचा पर्यावरणावर मोठा परिणाम होणार असेल आणि त्याचा अभ्यास मतदानाच्या 120 दिवस आधी जाहीर झाला नसेल, तर अमेरिकेच्या प्रतिनिधीने बाजूने मत द्यायचे नाही. अहवाल तपासून मत कसे द्यायचे ते ठरवण्याची जबाबदारी अमेरिकेच्या अर्थ खात्यावर आली. एकट्या अमेरिकेच्या मताने कर्ज अडत नाही. पण एवढ्या मोठ्या भागधारकाचे मत हवे असेल, तर मुदत पाळणे बँकेला भाग पडते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेधा पाटकर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सरदार सरोवर धरणाबद्दल साक्ष दिली होती. या धरणाला जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलर दिले. भारत सरकारची सशर्त पर्यावरण मंजुरी मात्र 1987 मध्ये आली. म्हणजे पैसे आधी आणि तपासणी नंतर. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांत तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 आदिवासी गावे होती. मणिबेली हे त्यांतले पाण्याच्या तोंडाशी असलेले गाव. लोकांनी गाव सोडायला नकार दिला, दिल्लीपासून वॉशिंग्टनपर्यंत दाद मागितली, आणि अखेर जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या आयोगाने जून 1992 मध्ये अहवाल दिला. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींची तयारी नीट झालेली नाही आणि बँकेने मागे सरावे, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्च 1993 मध्ये भारताने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. सप्टेंबर 1993 मध्ये जागतिक बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले. प्रकल्पाची झळ पोचलेली सामान्य माणसे या पॅनेलपुढे बँकेविरुद्ध थेट तक्रार करू शकतात.

धरण पुढे झाले, गावे गेली. त्या माणसांचे नुकसान कोणत्याही पॅनेलने भरून काढलेले नाही. पण आज सिल्क बोर्डाजवळ राहणाऱ्याला एडीबीचा अहवाल मोफत वाचता येतो आणि तक्रार नोंदवता येते, त्यामागे सातपुड्यातल्या त्या लोकांचा मोठा वाटा आहे. हा हक्क आयता मिळालेला नाही, म्हणून तो वाया घालवू नये.

एक मर्यादाही सांगायला हवी. अमेरिका एआयआयबीची सदस्य नाही, आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक ही युरोपीय संघाच्या देशांची. त्यामुळे अमेरिकी कायद्याचा धाक या दोन बँकांना नाही. तिथे त्यांचे स्वतःचे नियम चालतात. एकाच शहरातल्या दोन मार्गांची तपासणी म्हणूनच दोन वेगळ्या चौकटींत होते.

अहवाल कसा वाचायचा

अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो, म्हणून लोक घाबरतात. सगळा वाचायची गरज नाही. तीन भाग पुरतात.

पहिला भाग पर्यायांचा. मार्ग इथूनच का, भुयारी का नाही, स्थानक शंभर मीटर पुढे का नाही, याची उत्तरे तिथे असायला हवीत. ‘काहीच न करणे’ हाही पर्याय तपासलेला असावा लागतो. हा भाग दोन पानांत उरकला असेल, तर निर्णय आधी झाला आणि अहवाल मागून लिहिला, असे समजायला जागा आहे.

दुसरा भाग आजच्या स्थितीच्या नोंदींचा. हवा, पाणी आणि आवाज यांची मोजमापे कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात घेतली ते पाहावे. आवाजाचे उदाहरण घेऊ. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती राज्य सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केले असेल, तर तिथे 50 आणि 40. आउटर रिंग रोडच्या कडेला मीटर धरला तर वाहनांच्या आवाजानेच हे आकडे ओलांडले जातात. मग ‘आधीच आवाज आहे, मेट्रोने काय फरक पडतो’ असा युक्तिवाद अहवालात येऊ शकतो. त्याला उत्तर तयार आहे. जागतिक बँक समूहाची 2007 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की ठरलेली मर्यादा पाळा, नाही तर मूळ आवाजात 3 डेसिबलपेक्षा जास्त भर पडू देऊ नका. बँकांच्या अहवालांत याच तत्त्वांचा आधार घेतला जातो. म्हणून प्रश्न असा विचारायचा : माझ्या इमारतीपाशी आज आवाज किती, गाड्या धावू लागल्यावर किती धरला आहे, आणि फरक तीनच्या आत आहे का? नसेल तर ध्वनिरोधक भिंत कुठून कुठपर्यंत बसणार?

तिसरा आणि सर्वांत कामाचा भाग म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन आराखडा. हा एक लांबलचक तक्ता असतो. एका रकान्यात परिणाम, दुसऱ्यात उपाय, तिसऱ्यात जबाबदार कोण, चौथ्यात तपासणी किती दिवसांनी, पाचव्यात खर्च. ‘पायाच्या खोदकामाने हादरे बसतील’ या ओळीसमोर काय लिहिले आहे ते वाचा. काम सुरू होण्याआधी जवळच्या घरांच्या भिंतींतल्या भेगांची फोटोंसह नोंद करणे हा नेहमीचा उपाय आहे. ती नोंद झाली नाही, तर पुढे पडलेली भेग मेट्रोमुळे पडली हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. धूळ, उत्खननाची माती टाकायची जागा, राडारोडा, रात्रीचे काम, पावसाळी गटारे तुंबणे, झाडे आणि त्यांच्या बदल्यात लावायची झाडे, सगळ्यांना तक्त्यात एकेक ओळ असते. हा तक्ता ठेकेदाराच्या कराराचा भाग बनतो. म्हणून ‘धूळ होते’ या तक्रारीपेक्षा ‘आराखड्यात पाणी शिंपडायचे कबूल केले आहे, ते होत नाही’ या तक्रारीला वजन जास्त असते.

बांधकाम सुरू झाल्यावर

कर्ज मंजूर झाले की तपासणी संपत नाही. कर्जदाराने बँकेला ठरावीक काळाने देखरेख अहवाल द्यायचे असतात आणि एडीबी ते जाहीर करते. कागदावरची काळजी जागेवर पोचते का, हे पाहण्याची ती जागा. ती न पोचल्याची किंमत बेंगळुरूने पाहिली आहे : 10 जानेवारी 2023 रोजी नागवारजवळ ब्ल्यू लाइनच्या खांबाचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरून जाणारी आई आणि तिचा लहान मुलगा त्यात मरण पावले. सुरक्षेचे कलम कागदावर असणे पुरेसे नसते.

तक्रार करायची तर सुरुवात महामंडळाच्या तक्रार निवारण कक्षापासून करावी. लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही, तर एडीबीच्या संबंधित विभागाला लिहावे, आणि तरीही प्रश्न सुटला नाही तर बँकेच्या उत्तरदायित्व यंत्रणेकडे जावे. त्यासाठी प्रकल्पाची झळ पोचलेले किमान दोन लोक लागतात. यंत्रणेची दोन दारे आहेत : एक समेटाने प्रश्न सोडवणारे, दुसरे बँकेने स्वतःचे नियम पाळले का ते तपासणारे. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेची तक्रार यंत्रणा कोणाही नागरिकासाठी खुली आहे. पिंक लाइनच्या वेल्लारा जंक्शन स्थानकासाठी दीडशे वर्षांच्या ऑल सेंट्स चर्चच्या आवारातली जागा आणि जुनी झाडे जाण्याची वेळ आली, तेव्हा चर्चच्या मंडळींनी याच यंत्रणेचे दार ठोठावले.

अशा तक्रारीने खरेच काही होते का? मुंबईचे उदाहरण आहे. जागतिक बँकेने 2002 मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला कर्ज दिले. सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यांसाठी हजारो कुटुंबे आणि दुकाने हलवायची होती. कुर्ल्यातल्या दुकानदारांसह अनेकांनी 2004 मध्ये इन्स्पेक्शन पॅनेलकडे तक्रारी केल्या. पॅनेलने पुनर्वसनात गंभीर उणिवा दाखवल्या. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला आणि काही महिन्यांनी, सुधारणांची हमी मिळाल्यावर, पुन्हा सुरू केला. छोट्या दुकानदारांच्या अर्जाने सरकारला पुनर्वसनाची घडी सुधारावी लागली, ही लहान गोष्ट नाही. पण पैसा थांबला तोवर अनेकांची घरे हलून गेली होती, हेही खरे. उशिरा मिळालेला न्याय अर्धाच असतो.

कोरमंगलाकरांसाठी

म्हणूनच आता बोलण्याची वेळ आहे. हेब्बाळ ते सर्जापूर या रेड लाइनला राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली : 36.59 किलोमीटर, 28 स्थानके, अंदाजे खर्च 28,405 कोटी रुपये. हा मार्ग कोरमंगलातून जाण्याचे नियोजन आहे. सावलीसाठी प्रसिद्ध असलेले रस्ते, राजकालुवे म्हणजे पावसाळी नाले, दाट वस्ती आणि रुग्णालये यांच्या मधून तो जाईल.

मेट्रो हवी की नको, हा माझा प्रश्नच नाही. मेट्रो हवीच. सिल्क बोर्डाच्या कोंडीत तासन् तास धूर गिळणाऱ्या शहराला तिची गरज आहे. पण चांगल्या कामालाही परीक्षा चुकू नये, आणि आपल्या कायद्याने मेट्रोला यादीबाहेर ठेवले असेपर्यंत ती परीक्षा बँकेच्या अहवालातच होणार आहे.

तेव्हा इतके करा. रहिवासी संघाच्या पुढच्या बैठकीत दोन-तीन जणांकडे हे काम द्या. मार्गासाठी कोणत्या बँकेशी बोलणी चालू आहेत याची माहिती अधिकारात विचारणा करा. बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडले की त्यावरचा वर्ग आणि अहवालाची तारीख टिपून ठेवा. पर्याय, नोंदी आणि आराखडा हे तीन भाग वाचा, आपल्या गल्लीपुरत्या उणिवा एका पानावर लिहा, आणि ते पत्र महामंडळ आणि बँक दोघांनाही संचालक मंडळाच्या बैठकीआधी पाठवा. मंजुरीनंतर केलेल्या हरकतीला नुकसानभरपाई मिळू शकते. मंजुरीआधी केलेली हरकत मार्ग बदलू शकते.